उस्ताद आणि व्यावसायिक : 'चंदू चॅम्पियन'मधील क्रीडाप्रशिक्षणाची प्रतिमा

सारांश : मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावर आधारलेला 'चंदू चॅम्पियन' (२०२४) हा चित्रपट जिद्दीची कथा म्हणून वाखाणला गेला. प्रस्तुत लेखात या चित्रपटाची समीक्षा क्रीडाप्रशिक्षणाच्या व्यवसायाच्या दृष्टीने केली आहे. प्रशिक्षक हा उस्ताद म्हणून चित्रपटात ठसठशीत उभा राहतो. मात्र मज्जारज्जूची दुखापत झालेल्या खेळाडूला पुन्हा उभे करणारे ज्ञान आणि ते ज्ञान बाळगणारी माणसे कथेतून जवळजवळ नाहीशी होतात. या अभावाचा संबंध पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात या व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्थितीशी कसा पोहोचतो, याचाही विचार येथे केला आहे.

बीजशब्द : क्रीडाचरित्रपट, क्रीडाप्रशिक्षण, पुनर्वसन, शारीरिक शिक्षण, व्यवसाय, पिंपरी-चिंचवड.

१. प्रस्तावना

कबीर खान दिग्दर्शित 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागात १९४४ मध्ये जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे त्याचे चरित्रनायक. लष्कराच्या ई.एम.ई. या तांत्रिक दलात दाखल झालेला हा तरुण मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आला. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्याला अनेक गोळ्या लागल्या, त्यांतील एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेसह सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) प्राप्त झाला.

पिंपरी-चिंचवडकरांच्या दृष्टीने या चरित्राला आणखी एक पदर आहे. लष्करातून निवृत्त झाल्यावर पेटकर यांनी टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, या कंपनीत नोकरी केली आणि ते याच परिसरात स्थायिक झाले. ज्या औद्योगिक पट्ट्यात माणसाचे शरीर मुख्यतः यंत्राशेजारचे साधन म्हणून मोजले जाते, त्याच पट्ट्यात देशाचा पहिला पॅरालिंपिक सुवर्णविजेता दीर्घकाळ जवळजवळ अनामिक राहिला. चित्रपटामुळे हे नाव घराघरात पोहोचले, ही त्याची निर्विवाद जमेची बाजू आहे.

चरित्रपट केवळ नायकाची ओळख करून देत नाही; नायकाच्या भोवतीच्या व्यवसायांचीही एक प्रतिमा तो समाजमनात रुजवतो. वकील, डॉक्टर, पोलीस यांच्याविषयीच्या सर्वसाधारण कल्पना चित्रपटांनी किती घडवल्या, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. क्रीडाप्रशिक्षकाच्या बाबतीत ती तुलनेने कमी झाली. शारीरिक शिक्षणाच्या अथवा भौतिकोपचाराच्या महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी आपल्या भावी व्यवसायाची पहिली कल्पना बहुधा पाठ्यपुस्तकातून घेत नाही, पडद्यावरून घेतो. म्हणून 'चंदू चॅम्पियन' या व्यवसायाविषयी काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२. 'सर' या शब्दाचा व्याप

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी भाषेतील एक अडचण लक्षात घ्यावी लागते. मराठीत मैदानावरील जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शकाला 'सर' म्हटले जाते. शाळेत पी.टी.चा तास घेणारे सर, संघाचे डावपेच आखणारे सर, व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणारे सर आणि घोटा मुरगळला असता पट्टी बांधणारेही सरच. तालमीत याच व्यक्तीला 'वस्ताद' म्हणतात. आदर या सर्वांना सारखाच मिळतो, परंतु एकाच संबोधनाखाली किमान चार निरनिराळे व्यवसाय झाकले जातात : शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, खेळाचा प्रशिक्षक, शारीरिक क्षमता वाढवणारा तज्ज्ञ आणि दुखापत टाळणे, मैदानावर प्रथमोपचार करणे व पुनर्वसन करून खेळाडूस सुरक्षितपणे परत खेळात आणणे हे काम करणारा 'ॲथलेटिक ट्रेनर'.

यांपैकी चौथा व्यवसाय अमेरिकेत स्वतंत्रपणे विकसित झाला. तेथे अशा ट्रेनर मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९९० मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने या व्यवसायाला आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसाय म्हणून मान्यता दिली. भारतात त्या नावाची स्वतंत्र परंपरा नाही. हे काम तुकड्या-तुकड्यांनी वाटले गेले आहे. काही भाग भौतिकोपचारतज्ज्ञाकडे, काही प्रशिक्षकाकडे, काही शाळेतील शिक्षकाकडे आणि बराचसा मालीशवाल्याकडे किंवा दैवाकडे.

शब्द नसला की वस्तू दिसेनाशी होते, असा अनुभव आहे. 'चंदू चॅम्पियन'मध्ये नेमके हेच घडले आहे.

३. उस्तादाची कथा

चित्रपटाची बांधणी परिचित वळणाची आहे. वृद्ध मुरलीकांत पोलीस ठाण्यात येतो, अर्जुन पुरस्कार न दिल्याबद्दल तक्रार नोंदवू पाहतो आणि त्या निमित्ताने आपली हकिकत सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवून परतलेल्या खाशाबा जाधवांचे स्वागत पाहून एका लहान मुलाच्या मनात पदकाचे स्वप्न रुजते. 'चंदू' म्हणून हिणवला गेलेला हा मुलगा आखाड्यातून लष्करात आणि लष्करात टायगर अली या मुष्टियुद्ध प्रशिक्षकापर्यंत पोहोचतो. विजय राज यांनी साकारलेला हा प्रशिक्षक चित्रपटातील सर्वाधिक संस्मरणीय व्यक्तिरेखांपैकी एक आहे. त्यांचा कोरडा विनोद आणि कठोरपणाआड लपलेली माया या गोष्टी अभिनयाच्या दृष्टीने उत्तम उतरल्या आहेत.

अली हा उस्ताद आहे. तो शिष्याची पारख करतो, त्याला राबवतो, त्याच्यावर रागावतो आणि अखेरीस त्याच्यावर विश्वास टाकतो. हे नाते गुरु-शिष्य परंपरेचे आहे आणि भारतीय प्रेक्षकाला ते तत्काळ भिडते. प्रश्न उत्तरार्धात निर्माण होतो. युद्धातील दुखापतीनंतर रुग्णालयात पडलेल्या मुरलीकांतकडे हाच अली येतो, पॅरालिंपिकची वार्ता देतो आणि पोहण्याच्या सरावाची सूत्रे हाती घेतो. मुष्टियुद्धाचा प्रशिक्षक मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा जलतरण प्रशिक्षक होतो, आणि कथेला यात काहीही अवघड वाटत नाही.

कथनाच्या सोयीसाठी अनेक व्यक्तींची कामे एका पात्रात एकवटणे हे चरित्रपटाचे मान्य तंत्र आहे. त्यास सरसकट आक्षेप घेता येत नाही. तथापि, कोणती कामे एकवटता येतात याची निवड काहीतरी सांगून जाते. शल्यचिकित्सक आणि वकील यांची कामे एकाच पात्राला देण्याचे धाडस कोणताही पटकथाकार करणार नाही, कारण ते भिन्न व्यवसाय आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. मुष्टियुद्ध, जलतरण आणि पुनर्वसन ही तीन भिन्न ज्ञानक्षेत्रे आहेत हे मात्र प्रेक्षकाला ठाऊक नाही, आणि चित्रपट ते त्याला कळू देत नाही. शिष्यावर माया असलेला उस्ताद काहीही शिकवू शकतो, हे येथे गृहीतच धरले आहे.

पेटकर यांच्याविषयीच्या अनेक वृत्तांतांत पोहण्याचा आरंभ उपचाराचा भाग म्हणून झाल्याचे येते. मुंबईतील आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयातील उपचार, पाण्यातील व्यायाम आणि त्यातून पुढे स्पर्धात्मक जलतरण असा तो क्रम आहे. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. हायडेलबर्गलाही जलतरणाखेरीज भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची स्लॅलम शर्यत या प्रकारांत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. हा प्रवास पुनर्वसनाचा आहे, अनेक खेळ चाचपत जाणारा आहे. उस्तादाच्या कथेत असा प्रवास बसत नाही; तिला एक गुरू, एक शिष्य आणि एक पदक लागते.

४. गाळलेला मजकूर

एखाद्या संहितेची समीक्षा तिच्यातील गाळलेल्या मजकुरावरूनही करता येते. क्रीडाप्रशिक्षणाचा अभ्यास केलेला प्रेक्षक हा चित्रपट पाहताना कोणत्या जागी थबकेल, याचा क्रमाने विचार करता पुढील गोष्टी पुढे येतात.

पहिली जागा रुग्णालयाची. मज्जारज्जूच्या दुखापतीत जीव वाचणे ही सुरुवात असते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा रुग्णांपैकी बहुतेक जण थोड्याच काळात दगावत. मृत्यू मूळ जखमेमुळे येत नसे, तो त्वचेवर पडणाऱ्या दाबव्रणांमुळे आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे येई. जर्मनीतून निर्वासित होऊन १९३९ मध्ये इंग्लंडला गेलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे मज्जारज्जू उपचारकेंद्र सुरू केले. रुग्णाला ठरावीक तासांनी, रात्रीही, कूस बदलून देणे, मूत्राशयाची शास्त्रशुद्ध काळजी घेणे आणि शक्य तितक्या लवकर त्याला शारीरिक हालचालीस लावणे ही त्यांच्या पद्धतीची सूत्रे होती. खेळ हा या उपचाराचाच भाग होता. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी रुग्णालयाच्या आवारात पहिल्या स्पर्धा घेतल्या आणि त्यातून पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. म्हणजे पेटकर ज्या स्पर्धेत जिंकले ती स्पर्धाच मुळात पुनर्वसनशास्त्राचे अपत्य आहे. चित्रपटात पॅरालिंपिक हे नशिबाने समोर आलेले दुसरे दार वाटते. ते दार ज्यांनी घडवले त्यांचा पत्ता लागत नाही.

दुसरी जागा तरणतलावाची. कमरेखाली स्नायूंवर ताबा नसलेला जलतरणपटू पाण्यात उतरतो तेव्हा त्याचे पाय आणि नितंब खाली ओढले जातात. शरीर तिरपे होते आणि पाण्याचा विरोध वाढतो. पायांच्या फटकाऱ्याचे साहाय्य नसल्याने पुढे जाण्याचा सगळा भार खांद्यांवर येतो. हेच खांदे दिवसभर चाकाची खुर्ची ढकलतात आणि खुर्चीतून खाटेवर शरीर उचलून नेतात. म्हणून अशा खेळाडूच्या सरावाचे नियोजन करताना खांद्याच्या सांध्यावरील एकूण भाराचा हिशेब ठेवावा लागतो. पाण्यातील सराव वाढवला तर जमिनीवरचे काय कमी करायचे, हा रोजचा प्रश्न असतो. त्वचेला स्पर्श, उष्णता आणि वेदना जाणवत नसल्याने तलावाच्या खरखरीत कडेवर झालेली जखम खेळाडूला कळतही नाही. इजा मणक्याच्या वरच्या भागात असेल तर भरलेल्या मूत्राशयासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. या सर्व गोष्टी प्रशिक्षकाला ठाऊक असाव्या लागतात. माया आणि शिस्त यांनी त्या भरून निघत नाहीत.

यात नाट्य नाही असे म्हणता येणार नाही. खांदा वाचवायचा की सेकंद कमी करायचे, हा द्वंद्वाचा विषय आहे. पाण्यात शरीर आडवे राहावे यासाठी मस्तकाची ठेवण बदलून पाहणे, ती फसणे, पुन्हा बदलणे, यात शोधकथेची सर्व सामग्री आहे. चित्रपटाने ती वापरली नाही, कारण सरावाचे रूपांतर त्याने संगीताच्या तालावरील दृश्यमालिकेत केले. अशा दृश्यमालिकेत प्रयत्न दिसतात, पद्धत दिसत नाही. घाम दिसतो, निर्णय दिसत नाहीत.

तिसरी जागा वर्गीकरणाची. हायडेलबर्ग येथील पेटकर यांची शर्यत अधिकृत नोंदींत '५० मीटर मुक्त शैली, ३' अशी आढळते. येथील ३ हा आकडा खेळाडूचा वर्ग सांगतो. मज्जारज्जूची इजा कोणत्या पातळीवर आहे आणि कोणते स्नायू किती काम देतात, हे वैद्यकीय तपासणीने ठरवून खेळाडूंचे वर्ग पाडले जात. १९७२ ची स्पर्धा मज्जारज्जूची इजा झालेल्यांपुरतीच होती. अवयवच्छेदन झालेले आणि दृष्टिहीन खेळाडू १९७६ मध्ये टोरांटो येथे प्रथम सामील झाले. स्पर्धा न्याय्य आहे की नाही हे वर्गीकरणावर अवलंबून असते आणि वर्गीकरण हे शरीररचना व स्नायूबल यांच्या अभ्यासावर. सामान्य प्रेक्षकाला हे समजावून सांगणे कठीण नव्हते. ते समजले असते तर त्या सुवर्णपदकाची किंमत वाढलीच असती, कारण पदक सहानुभूतीने मिळाले नसून तुल्यबळ शरीरांच्या स्पर्धेत मिळाले, हे त्यातून सिद्ध झाले असते.

चौथी जागा पदकानंतरची. खेळाडूचे शरीर पदक मिळाल्यावर संपत नाही. पेटकर यांनी त्यानंतरची वर्षे नोकरी केली, संसार केला. चाकाच्या खुर्चीचा अथवा कुबड्यांचा वापर करणाऱ्या माणसाने औद्योगिक नगरीत ती वर्षे कशी काढली, कारखान्याच्या रचनेत त्याला कसे सामावून घेतले गेले, हा विषय स्वतंत्र चित्रपटाचा आहे. 'चंदू चॅम्पियन' या काळावरून झपाट्याने पुढे जातो, कारण त्याचे लक्ष पुरस्काराच्या न्यायाकडे आहे. पुनर्वसन या शब्दाचा पूर्ण अर्थ मात्र याच काळात दडलेला आहे.

५. पडद्यामागचे शास्त्र

या चित्रपटाच्या निर्मितीत एक उपरोध आहे. मुख्य भूमिकेतील कार्तिक आर्यन यांनी या भूमिकेसाठी शरीरातील मेदाचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणल्याचे प्रसिद्धीमध्ये आवर्जून सांगितले गेले. त्यासाठी दीर्घकाळ आखलेला व्यायाम, आहार, विश्रांती, मुष्टियुद्ध आणि पोहण्याचे धडे यांचा तपशील वृत्तपत्रांतून आला. नटाच्या शरीरामागे प्रशिक्षकांचा चमू होता, मोजमापे होती, टप्पे होते. आणि चित्रपटाच्या जाहिरातीत त्याचे श्रेयही दिले गेले.

म्हणजे चित्रपट बनवणाऱ्यांना प्रशिक्षणाच्या शास्त्राची किंमत माहीत होती. त्यांनी त्यासाठी वेळ आणि पैसा दिला. तरीही ज्या माणसाची कथा त्यांनी सांगितली, त्याच्या वाट्याला हे शास्त्र आले नाही. त्याच्या वाट्याला आली ती जिद्द. नट शास्त्राने घडतो आणि सैनिक जिद्दीने घडतो, अशी ही विभागणी आहे. ती हेतुपुरस्सर केलेली नसेलही, परंतु तिच्यात एक वर्गभेद लपला आहे, हे नाकारता येत नाही.

अन्य क्रीडापटांशी तुलना केली असता ही प्रवृत्ती अधिक स्पष्ट होते. 'चक दे! इंडिया' (२००७) मधील प्रशिक्षक निदान डावपेच आणि संघबांधणी यांचा विचार करताना दिसतो, मात्र त्याची खरी प्रेरणा गमावलेल्या इभ्रतीची आहे. 'दंगल' (२०१६) एक पाऊल पुढे जातो. तेथे वडील हेच खरे गुरू आहेत आणि पतियाळाच्या राष्ट्रीय अकादमीतील प्रशिक्षित मार्गदर्शक जवळजवळ खलनायक आहे. गिरीश कुलकर्णी यांनी रंगवलेल्या त्या पात्राला कदम हे मराठी आडनाव दिलेले आहे, हा योगायोगही नोंदवण्याजोगा. संस्थेत शिकून आलेला प्रशिक्षक पोकळ आणि घरचा गुरू अस्सल, असा निवाडा तो चित्रपट देतो. पतियाळाची ही राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली ती देशातील खेळांना प्रशिक्षित मार्गदर्शक मिळावेत म्हणूनच, हे येथे लक्षात घ्यावे. 'चंदू चॅम्पियन' संस्थात्मक ज्ञानाची टर उडवत नाही. तो त्याची दखलच घेत नाही.

खाशाबा जाधवांची आठवण या संदर्भात उद्बोधक ठरते, कारण चित्रपट तिच्यापासूनच सुरू होतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी खाशाबांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून मॅटवरील कुस्तीचे मार्गदर्शन मिळाले होते. हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. मातीतला मल्ल मॅटवर जिंकू शकला, त्यामागे जिद्दीबरोबर नियमांचे आणि तंत्राचे परके ज्ञान आत्मसात करण्याची तयारी होती आणि एका महाविद्यालयाचे पाठबळ होते. लहान मुरलीकांत जे स्वागत पाहतो त्यात हार-तुरे आहेत, पण त्या पदकामागील महाविद्यालय दिसत नाही. चित्रपटाचा पुढचा कल या पहिल्याच निवडीत ठरून गेला आहे.

६. व्रत, मानधन आणि व्यवसाय

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की चित्रपट हा पाठ्यपुस्तक नव्हे. त्याने प्रेरणा दिली, तेवढे पुरे. हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर पडद्याबाहेर शोधावे लागते.

महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रीय मंडळाचेच चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ पासून पुण्यात कार्यरत आहे. बालेवाडी येथील क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभी राहिली. राज्याने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०२० मध्ये केला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी मैदान आहे, भोसरी आणि परिसरात कुस्ती व कबड्डीची जुनी घराणी आहेत, पिंपरीत भौतिकोपचाराचे महाविद्यालय आहे. मैदान, विद्यार्थी आणि शिक्षण हे तिन्ही घटक एका तासाच्या अंतरावर उपलब्ध आहेत.

तरीही या तिन्हींना जोडणारा व्यवसाय अस्पष्टच राहिला आहे. बी.पी.एड्. हा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांचा झाला. त्याचा हेतू शाळेसाठी शिक्षक घडवणे हा आहे. त्याच्या आदर्श आराखड्यात क्रीडावैद्यक, भौतिकोपचार व पुनर्वसन हा विषय आहे, पण वैकल्पिक म्हणून. भौतिकोपचाराची पदवी, जी दीर्घकाळ साडेचार वर्षांची राहिली, ती रुग्णावरील उपचाराकडे पाहते. क्रीडाविषयक विशेष अभ्यास बहुतांशी पदव्युत्तर पातळीवर येतो. पतियाळाची पदविका एकेका खेळाचे प्रशिक्षक घडवते. तिन्ही वाटा आपापल्या जागी योग्य आहेत, परंतु दुखापत झाल्याच्या क्षणापासून मैदानावर परतण्याच्या दिवसापर्यंत खेळाडूसोबत राहणारा माणूस यांपैकी कोणत्याही वाटेच्या केंद्रस्थानी नाही. या व्यवसायाची तयारी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या वाटा स्वतःच जोडून घ्याव्या लागतात : एकीकडून शरीररचना, दुसरीकडून सरावाचे नियोजन, तिसरीकडून मैदानावरील उमेदवारी.

अशा स्थितीत पडद्यावरील प्रतिमेला धोरणाचे वजन येते. प्रशिक्षण हे व्रत आहे असे एकदा मान्य झाले की त्याचा मोबदला 'मानधन' होतो. शाळा, संस्था आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडून मार्गदर्शकांच्या नेमणुका मानधनावर किंवा कंत्राटी पद्धतीने होणे ही राज्यात सर्वपरिचित बाब आहे. मानधन हा शब्द मोठा सूचक आहे. मान आधी येतो, धन नंतर, आणि पुष्कळदा मानावरच समाधान मानावे लागते. ज्याला गुरू म्हणून हार घातला जातो त्याला सेवाशर्ती विचारण्याचा संकोच वाटतो. उस्तादाची प्रतिमा जितकी उदात्त, तितका व्यावसायिकाचा दावा दुबळा, असे हे व्यस्त प्रमाण आहे.

राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षकांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला १९८५ पासून द्रोणाचार्यांचे नाव आहे. पहिल्याच वर्षी हा पुरस्कार मिळालेल्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महाभारतातील द्रोणाचार्यांच्या कथेत एकलव्याचा अंगठाही आहे. शिष्याच्या शरीराची हानी गुरूच्या अधिकारात बसते, हा त्या कथेतील अस्वस्थ करणारा भाग आहे. आधुनिक क्रीडाप्रशिक्षणाची नीती याच्या नेमकी उलट आहे. खेळाडूचे शरीर ही प्रशिक्षकाची मालमत्ता नव्हे. दुखापत लपवून खेळवणे हा शिस्तीचा विजय नव्हे, व्यवसायधर्माचा भंग आहे. वेदना सहन करणे म्हणजेच पराक्रम, असे समीकरण मांडणारा प्रत्येक चित्रपट हा व्यवसायधर्म शिकवण्याचे काम अधिक कठीण करतो.

७. कारखान्याच्या शेजारी

हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही, हे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या संदर्भात विशेषत्वाने जाणवते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेले औद्योगिकीकरण पुढे मोटारगाड्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या उद्योगाने भोसरी, आकुर्डी आणि चाकणपर्यंत पसरले. जोडणीच्या साखळीवर उभा असलेला कामगार एकच हालचाल पाळीभर करतो. खांदा, मनगट, कंबर आणि गुडघा यांवर येणारा हा पुनरावृत्तीचा भार शरीरशास्त्राच्या दृष्टीने जलतरणपटूच्या खांद्यावरील भाराहून मूलतः भिन्न नाही. भार मोजणे, विश्रांती आखणे, दुखणे वेळीच ओळखणे आणि बरे झाल्यावर टप्प्याटप्प्याने कामावर परत आणणे, हे सारे त्याच ज्ञानाचे दुसरे क्षेत्र आहे. परदेशांत ॲथलेटिक ट्रेनर कारखान्यांतही काम करू लागले आहेत ते याच कारणाने.

पट्ट्याच्या वेशीवरच याचा एक पूर्वाधार आहे. खडकी येथे अपंग सैनिकांना कामाचे शिक्षण देणारी, १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, आणि मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून कार्यरत असलेले पुनर्वसन केंद्रही आहे. तेथील रहिवासी खेळतात, काम करतात, जगतात. मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र अपवादात्मक आहे, पण एकाकी नाही. त्याच्या मागे-पुढे अशा संस्थांची आणि त्यांत राबणाऱ्या नावे नसलेल्या कर्मचाऱ्यांची रांग आहे. चित्रपटाने नायकाला या रांगेतून वेगळे काढले, तेव्हा तो अधिक उंच दिसला. मात्र त्याच्यासारखे आणखी कोणी कसे घडेल, हे त्यामुळे कळेनासे झाले.

८. समारोप

'चंदू चॅम्पियन' हा प्रामाणिक हेतूने केलेला आणि विस्मृतीत गेलेल्या एका महाराष्ट्रीय वीराला न्याय मिळवून देणारा चित्रपट आहे. त्याच्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, ही गोष्ट बोलकी आहे. परंतु नायकाच्या उपेक्षेविरुद्ध आवाज उठवणारा हा चित्रपट स्वतःच एका व्यवसायाची उपेक्षा करतो. पेटकर यांना पाण्यात उतरवणारे, त्यांच्या त्वचेची, खांद्यांची आणि स्नायूंची काळजी घेणारे ज्ञान त्याने उस्तादाच्या मायेत विरघळवून टाकले.

शारीरिक शिक्षणाच्या आणि भौतिकोपचाराच्या महाविद्यालयांत हा चित्रपट अवश्य दाखवला जावा, मात्र तो गाळलेल्या जागा भरण्याचा स्वाध्याय म्हणून. रुग्णालयातील पहिल्या सहा महिन्यांत कोणी काय केले असेल, तलावातील पहिल्या आठवड्याचा आराखडा कसा असेल, खांदा दुखू लागला तर सराव कोणी थांबवायचा, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी लिहावीत. त्या उत्तरांतून त्यांना आपल्या व्यवसायाची जी रूपरेषा दिसेल, ती चित्रपटातील कोणत्याही पात्रापेक्षा कमी नाट्यमय असली तरी अधिक खरी असेल. जिद्द खेळाडूची असते. ती वाया जाऊ न देणे हे प्रशिक्षणाचे काम आहे, आणि ते शिकावे लागते.